तीसहून अधिक म्हणजे नेमके किती?

दिवा-रोहा गाडीत पेण सुटलं की रेंज येते-जाते. त्या तासाभरात मी बरंच काही वाचलंय. गेल्या वर्षी असंच काहीतरी वाचताना वेल्समधल्या एका कोळसा खाणीपर्यंत पोचलो. गावाचं नाव सेंघेनिद. १४ ऑक्टोबर १९१३ला तिथल्या खाणीत वायूचा स्फोट झाला. ४३९ खाणकामगार गेले, आणि त्यांना शोधायला उतरलेल्यांपैकी आणखी एक.

आकड्याखाली यादी होती. सगळी नावं. कुणाचं वय किती, कोण कुठल्या गल्लीत राहायचा, कुणाच्या मागे बायको नि किती पोरं. सगळ्यात लहान मुलगा चौदा वर्षांचा. एका शतकापूर्वी, सात समुद्रांपलीकडे मेलेल्या पोराचा पत्ता मला गाडीत बसून फोनवर मिळाला.

तेवढ्यात गाडी कासू सोडून नागोठण्याला आली. मी रोह्याचा. नागोठणं आमच्याच तालुक्यात. तिथे ५ नोव्हेंबर १९९०ला गॅसचा स्फोट झाला होता, हे घरात कधीतरी ऐकलेलं. म्हटलं, इथल्यांची यादी बघू. मराठीत शोधलं, इंग्रजीत शोधलं. कुठे एक आकडा, कुठे दुसरा. 'तीसहून अधिक' एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. नाव एकाचंही मिळालं नाही.

आत्याला फोन केला. ती तेव्हा नागोठण्यातच होती. म्हणाली, "लय माणसं गेली रे बाबा. कोण कोण ते आता काय आठवत नाय."

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. तीसहून अधिक म्हणजे नेमके किती? एकतीस आणि पस्तीस यांच्यामध्ये चार माणसं असतात. चार घरं असतात. ज्याला हा फरक किरकोळ वाटतो, त्याने ती चार माणसं आपल्या घरातली धरून बघावी.

पंखा आणि मुदतवाढ

आधी सेंघेनिदचं सांगतो, कारण तिथे काय चुकलं ते कळलं की आपल्याकडे काय चुकतंय ते कळतं.

कोळशाच्या थरात मिथेन अडकलेला असतो. खोदलं की तो सुटतो. हवेपेक्षा हलका, म्हणून छताला जाऊन साठतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण पाच ते पंधरा टक्क्यांच्या मध्ये आलं की एक ठिणगी पुरते. पहिल्या भडक्याने जमिनीवरची कोळशाची भुकटी उडते, ती पेट घेते आणि आग बोगद्याबोगद्यातून धावत सुटते. ही भुकटी काय करू शकते ते १० मार्च १९०६ला फ्रान्समधल्या कुरिएरच्या खाणीत दिसलं होतं. तिथे १,०९९ माणसं गेली. आगीतून वाचलेल्यांना नंतर कार्बन मोनॉक्साइड गाठतो. त्याला वास नाही, रंग नाही.

सेंघेनिदच्या खाणीला हे नवं नव्हतं. मे १९०१मध्ये त्याच खाणीत स्फोट होऊन ८१ माणसं मेली होती. मग १९११चा खाण कायदा आला. त्यात एक साधी तरतूद होती: खाणीत हवा खेळवणारा पंखा उलटा फिरवता आला पाहिजे. म्हणजे आग लागली, तर विषारी हवा माणसांकडे जाण्याऐवजी मागे ओढता येईल. जानेवारी १९१३पर्यंत हे करायचं होतं. खाणीला मुदतवाढ मिळाली, ३० सप्टेंबर १९१३पर्यंत. तीही तारीख उलटली, काम झालं नाही. चौदा दिवसांनी स्फोट झाला.

दोनशेहून अधिक बाया विधवा झाल्या. खटला चालला. खाणीच्या मॅनेजरला २४ पौंड दंड झाला, कंपनीला १० पौंड. मॅनेजरच्या दंडाला मेलेल्यांच्या संख्येने भागून तिकडच्या वर्तमानपत्राने मथळा दिला होता: माणसाच्या जिवाची किंमत एक शिलिंग सव्वा पेनी.

न्याय झाला नाही, हे उघड आहे. पण मला हे सगळं माहीत कसं? पंख्याची तारीख, मुदतवाढ, दंडाची रक्कम? कारण चौकशी उघड झाली आणि तिचा अहवाल छापला गेला. म्हणून शंभर वर्षांनी रोह्याचा एक पोरगा सांगू शकतो की ती माणसं नशिबाने मेली नाहीत, एका न झालेल्या कामाने मेली. २०१३ साली त्या गावात वेल्सचं राष्ट्रीय खाण स्मारक उभं राहिलं. कंपनीला कुणी विसरू दिलं नाही, आणि माणसांनाही नाही.

कायदा आधी, स्फोट नंतर

आता नागोठणं. इंडियन पेट्रोकेमिकल्स, म्हणजे आयपीसीएल, ही तेव्हा केंद्र सरकारची कंपनी. (पुढे २००२मध्ये ती रिलायन्सकडे गेली.) बॉम्बे हायचा वायू उरणला येतो, तिथून त्यातला इथेन-प्रोपेन नागोठण्याला. त्याचे रेणू तोडून इथिलीन करायचं आणि त्यापासून प्लास्टिक. आपल्या हातातली दुधाची पिशवी अशाच कारखान्यांतून येते. ५ नोव्हेंबर १९९०ला हा वायू गळला, पसरला आणि पेटला.

खाणीतला मिथेन छताला जातो. प्रोपेनचं उलटं. तो हवेच्या दीडपट जड. गळला की जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात, गटारात, नाल्यात उतरून बसतो. आणि या वायूंना स्वतःचा वास नसतो. आपल्या घरच्या सिलिंडरला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. कारखान्यात कच्चा माल म्हणून येणाऱ्या वायूत तो सहसा नसतो. म्हणजे 'वास आला की पळू' हा आपल्या गावातला समज तिथे कामाचा नाही.

ही साधी गोष्ट मी वयाच्या सव्विसाव्या वर्षी, स्वतः शोधून वाचली. रोह्यातल्या दहावीपर्यंतच्या शाळेत डेव्हीचा दिवा शिकवला, लंडनचं धुकं शिकवलं. गावाला लागून असलेल्या टाक्यांमध्ये काय आहे आणि ते सुटलं तर कुठल्या दिशेने पळायचं, हे कुणी शिकवलं नाही.

आणि हे सांगणं कुणाच्या मर्जीवर नाही, तो कायदा आहे. भोपाळनंतर, १९८७मध्ये, कारखाने कायद्यात नवं प्रकरण घातलं गेलं. त्यातलं कलम ४१ ब म्हणत होतं की धोकादायक कारखान्याने धोक्याची आणि तो टाळण्याच्या उपायांची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या सर्वसामान्य लोकांना द्यायची. लोकांना. म्हणजे मला, आत्याला, स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्याला. कायदा १९८७चा, स्फोट १९९०चा. सेंघेनिदला कायदा १९११चा, स्फोट १९१३चा. कायदा आधीच असतो. तो माणसांपर्यंत पोचत नाही.

'करील' आणि 'वाटल्यास करील'

माझा मुद्दा एका शब्दाचा आहे.

भारतात २०२५पर्यंत खाणींना एक कायदा होता, कारखान्यांना दुसरा. १९५२च्या खाण कायद्यात मोठ्या दुर्घटनेनंतर चौकशी न्यायालय नेमता यायचं, आणि त्याचा अहवाल सरकारने प्रसिद्ध करायचाच, असं कलम २७ म्हणत होतं. वेळ नि पद्धत सरकार ठरवायचं, पण प्रसिद्ध करणं टळत नव्हतं. २७ डिसेंबर १९७५ला धनबादजवळ चासनालाच्या खाणीत पाणी घुसून ३७५ माणसं गेली, त्याची अशी चौकशी झाली. त्या घटनेवरून सुचलेला 'काला पत्थर' तुमच्या घरातल्यांनी चार वेळा पाहिला असेल.

१९४८च्या कारखाने कायद्यातही चौकशीची सोय होती, कलम ९०. पण तिथे शब्द वेगळा होता. राज्य सरकारला योग्य वाटल्यास, ते अहवाल प्रसिद्ध करू शकेल. योग्य वाटल्यास!

जमिनीखाली मेलात तर चौकशी न्यायालयाचा अहवाल छापणं बंधनकारक होतं. जमिनीवर, धाटावला किंवा महाडला मेलात, तर सरकारला वाटलं तर. वायू तोच नियम पाळतो, भाजण्याची वेदना तीच, घरच्यांचं रडणं तेच. फरक फक्त कायद्याच्या पुस्तकातल्या एका शब्दाचा होता. आणि 'तीसहून अधिक' हा आकडा त्या एका शब्दातून जन्माला येतो.

बाबांचा हात

आता घरातलं. कारखान्याचं नाव लिहीत नाही.

माझे बाबा बरीच वर्षं एमआयडीसीत ठेकेदाराकडे हेल्पर होते. एके दिवशी लाइन उघडताना गरम वाफ उजव्या हातावर आली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गेली. ठेकेदाराच्या मुकादमाने त्यांना गेटबाहेर रिक्षात बसवलं आणि सांगितलं, "दवाखान्यात बोल, घरी अंघोळीचं पाणी सांडलं. आठ दिवसाची हजेरी देतो." बाबांनी तसंच सांगितलं. आठ दिवसांची हजेरी मिळाली. नवव्या दिवशी हात बांधून ते कामावर गेले.

कायद्याप्रमाणे, कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर ती दुखापत कळवावी लागते. बाबा आठ दिवस घरी होते. पण कागदावर तो अपघात झालाच नाही. कागदावर आमच्या घरी अंघोळीचं पाणी सांडलं.

मला तेव्हा बाबांचा राग आला होता. आता येत नाही. ठेकेदाराच्या माणसाला दुसऱ्या दिवशी गेटपास मिळेल की नाही हे मुकादमाच्या हातात असतं. अशा माणसाने खरं बोलून दाखवावं, ही अपेक्षा ठेवणाराच खोटारडा. पण त्या दिवशी ती वाफ कागदावर आली असती, तर कुणीतरी ती लाइन तपासली असती. मोठा स्फोट अचानक होत नाही. त्याच्या आधी असे हात भाजलेले असतात, आणि ते सगळे 'घरी' भाजलेले असतात.

प्रत्येक वेळी तेच

३ नोव्हेंबर २०२३ला महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. ११ कामगार गेले. १२ डिसेंबर २०२४ला आमच्या धाटावमध्ये मिथेनॉलच्या टाकीचा स्फोट झाला. टाकीवर वेल्डिंगचं काम सुरू होतं, अशा बातम्या आल्या. पुन्हा कामगार गेले.

क्रम पाठ झालाय. पहिल्या तासात व्हिडिओ, काळा धूर, मागे कुणाचातरी "अरे बापरे". दुसऱ्या दिवशी मंत्री नाहीतर आमदार, मदत जाहीर, चौकशीचे आदेश. तिसऱ्या दिवशी मृतांपैकी परप्रांतीय किती याची चर्चा, जणू त्यांचं दुःख थोडं हलकं. चौथ्या दिवशी फीडमध्ये दुसरं काही. चौकशीचं पुढे काय झालं, ही बातमी तुम्ही शेवटची कधी वाचलीत?

मिथेनॉलचंच घ्या. साधारण ११-१२ अंश तापमानालाही त्याची वाफ पेटू शकते. रोह्यात डिसेंबरच्या भर सकाळी त्याहून कितीतरी जास्त ऊन असतं. दिवसाउजेडी त्याची ज्योत नीट दिसतही नाही. म्हणून अशा टाकीजवळ वेल्डिंग करायचं तर टाकी रिकामी करायची, धुवायची, आतली वाफ काढायची, गॅस मोजायच्या यंत्राने तपासायचं, लेखी परवाना घ्यायचा आणि काम चालू असताना एक माणूस फक्त लक्ष ठेवायला उभा करायचा. हे शास्त्र जुनं आहे. परवाना होता का, मोजणी झाली का, सही कुणाची, याची उत्तरं चौकशी अहवालात असतात. म्हणूनच तो अहवाल गावाला हवा.

'पोटावर पाय आणू नका'

हे बोललं की तीन उत्तरं येतात. तिन्ही मी घरातच ऐकलीत, म्हणून त्यांना हसून उडवत नाही.

पहिलं: कंपन्या गेल्या तर खाणार काय? बरोबर आहे. बाबांच्या हजेरीवरच मी शिकलो. पेणला गणपतीचे कारखाने सगळ्यांना पुरे पडत नाहीत, आणि कुंडलिकेच्या काठची शेती किती घरं पोसते ते आम्हाला ठाऊक आहे. मी एकही कारखाना बंद करा म्हणत नाहीये. मृतांची नावं लिहिली आणि अहवाल छापला म्हणून कुठलीही कंपनी पळून जात नाही. आणि एवढ्यानेच पळणार असेल, तर ती आपल्याकडे नेमकी कशासाठी आली होती, हे विचारायला हवं.

दुसरं: लोकांना सांगितलं तर घबराट होईल. घबराट माहितीने होत नाही, अर्धवट माहितीने होते. आमच्याकडे रात्री डोळे चुरचुरले की व्हॉट्सॲपवर पाच वेगवेगळ्या वायूंची नावं फिरतात आणि लोक पोरांना घेऊन वाऱ्याच्याच दिशेने पळतात. कुठला भोंगा कशाचा, हे माहीत असतं तर पळाले नसते.

तिसरं सगळ्यात लाडकं: कामगाराची चूक होती. 'मानवी चूक'. सेंघेनिदच्या कामगारांनी पंखा उलटा फिरायचा थांबवला नव्हता. बाबांनी ती लाइन बिनपरवाना ठेवली नव्हती. आणि समजा, शेवटची चूक खरंच कामगाराची असली, तरी त्याला किती तास काम दिलं होतं, कुणी शिकवलं होतं, हे कोण सांगणार? अहवाल. परत तिथेच आलो.

दरम्यान सरकार काय करतंय? २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. जुन्या कायद्यात सुरक्षेचा नियम मोडून मृत्यू झाला तर दंडाची किमान रक्कम २५ हजार होती. नव्यात ती पाच लाख आहे, आणि दंडाचा निम्मा वाटा तरी वारसांना द्यायला न्यायालय सांगू शकतं. हे बरं झालं, तेवढं मान्य. पण त्याच संहितेत वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर गेली. आणि निरीक्षकाचं नाव झालं 'निरीक्षक तथा सुविधाकार'. कारखानदाराची सोय बघणारा आणि त्याची चूक पकडणारा एकच माणूस. दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी तो यातला कोण म्हणून गेटवर येणार?

मागणी एवढीच

निधी लागत नाही, जमीन लागत नाही. तीन गोष्टी.

एक: कारखान्यातल्या प्रत्येक मृत्यूचा चौकशी अहवाल मराठीत, ठरलेल्या मुदतीत, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या संकेतस्थळावर आणि त्या ग्रामपंचायतीत. नव्या संहितेखालच्या राज्याच्या नियमांत हे 'वाटल्यास' न म्हणता लिहा. कोळसा खाणीत मेलेल्याला जो हक्क होता, तो रोह्याच्या हेल्परला द्या.

दोन: मृतांची नावं. ठेकेदाराचा, कायमचा, बिहारचा, रोह्याचा, सगळ्यांची एकाच यादीत. कुटुंबाची परवानगी घेऊन, गावात, दगडावर.

तीन: कुठल्या टाकीत काय आहे, ते जड की हलकं, वास आहे की नाही, कुठला भोंगा कशाचा, कुठे पळायचं. एक पान. शाळेच्या भिंतीवर आणि रेल्वे स्टेशनवर.

तुम्ही काय करू शकता? स्टोरी टाकून झाली की माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज टाका. दहा रुपये लागतात. आपल्या तालुक्यात गेल्या पाच वर्षांत किती कामगार मेले, चौकशी अहवाल कुठे आहेत, एवढंच विचारा. आणि ग्रामसभेला जा. मी गेलो होतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा सरपंच म्हणाले, "हा आपला विषय नाही." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मागून एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मग कुणाचा हाय?" त्यांचा मुलगा कंपनीत जातो.

माझा अर्ज गेलाय. उत्तर आलं की लिहीन, नाही आलं तरी लिहीन. येत्या ५ नोव्हेंबरला मी गाडीतून नागोठण्याला उतरणार आहे. माझ्याकडे वाचायला यादी नाही. कुणाच्या घरातलं माणूस त्या दिवशी गेलं असेल, तर त्याचं नाव घेऊन या. एकतीस होते की पस्तीस, ते आपणच मोजायला सुरुवात करू.